तळहातावर मावणारं क्रूसचित्र : ड्यूरर, 1511

अनवट रेघ

आल्ब्रेख्ट ड्यूरर म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर त्याचा ससा येतो, नाहीतर ते जोडलेले हात. मला या धाग्यात त्याच्या एका फार छोट्या चित्राबद्दल बोलायचं आहे. भक्तिचित्र कोण पाहणार, कुठे पाहणार, किती वेळ पाहणार याचा इतका नेमका विचार मला दुसऱ्या कुठल्या चित्रात दिसलेला नाही.

चित्र 1511 सालचं. येशू क्रुसावर आहे. तांब्याच्या पत्र्यावर कोरून कागदावर छापलेलं, उंची साधारण 12 सेंटिमीटर आणि रुंदी साडेसात. मधोमध क्रूस, आपल्या डावीकडे येशूची आई मरिया, उजवीकडे त्याचा लाडका शिष्य योहान, आणि मागे भर दुपारी काळवंडलेलं आकाश. दुपारी बारापासून तीनपर्यंत देशभर अंधार पडला होता असं शुभवर्तमानांत, म्हणजे बायबलमधल्या येशूचरित्रांत, सांगितलंय. ड्यूररने तो अंधार शब्दशः घेतलाय. रेघेला रेघ लावून सगळं आकाश भरलंय आणि त्यामुळे क्रुसावरचं शरीर उजळून पुढे येतं.

हे चित्र एकटं नाही. येशूच्या अखेरच्या दिवसांवर 16 चित्रांची एक मालिका ड्यूररने तांब्यावर कोरली, त्यातलं हे एक. न्यूरेंबर्गचा हा माणूस 1505 ते 1507 व्हेनिसच्या मुक्कामी होता. मालिकेतला पहिला पत्रा 1507 चा. त्यात क्रुसावरून उतरवलेल्या येशूभोवती बसून शोक करणारी माणसं आहेत, म्हणजे त्याने सुरुवात केली ती जवळजवळ शेवटच्या प्रसंगापासून. 1508 मध्ये दोन झाली, 1509 मध्ये एक, 1511 मध्ये हे, आणि 1512 या एकाच वर्षात दहा. शेवटचं 1513 चं. या कामाला सहा-सात वर्षं लागली आणि ते सलग झालेलं नाही. मधल्या काळात वेदीचित्रं (चर्चच्या वेदीवर ठेवायची मोठी चित्रं), लाकडी ठशांची पुस्तकं, सगळं चालूच होतं.

आता आकाराबद्दल. मोठं चित्र काढता येत नव्हतं म्हणून हे छोटं आहे, असं अजिबात नाही. त्याच 1511 मध्ये त्याने येशूच्या दुःखभोगाचंच एक मोठं पुस्तक काढलं. लाकडी ठशांचं, एकेक पान साधारण 39 बाय 28 सेंटिमीटर. त्याच वर्षी आणखी एक लहान पुस्तक काढलं, त्यात 37 ठसे, आणि सोबत एका बेनेडिक्टाइन साधूची लॅटिन पद्यं. म्हणजे एकच कथा तो एकाच काळात तीन प्रकारे सांगत होता. मोठ्या पुस्तकात, लहान पुस्तकात आणि या तांब्याच्या मालिकेत. या तिसऱ्या प्रकारात मजकुराचा एक शब्द नाही. आहे फक्त साल आणि त्याची खूण, मोठ्या 'ए'च्या पायांमध्ये छोटा 'डी'.

देवळातलं मोठं चित्र आपण चारचौघांत बघतो. उभं राहून, लांबून, मेणबत्त्यांच्या उजेडात. हे चित्र एका वेळी एकालाच बघता येतं. हातात घ्यावं लागतं, खिडकीजवळ न्यावं लागतं, डोळे जवळ आणावे लागतात. एवढं जवळ आल्यावर योहानाच्या चेहऱ्यापासून आपला चेहरा एक वीतही दूर राहत नाही. मालिका छोटी असण्याचं खरं कारण हेच, असं माझं ठाम मत आहे. पाहणाऱ्याने तिसऱ्या शोकाकुलाच्या जागी यावं म्हणून ड्यूररने हा आकार निवडला.

न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन संग्रहालय, लंडनचं ब्रिटिश म्युझियम, ॲम्स्टरडॅमचं राइक्सम्युझियम यांच्या संकेतस्थळांवर ड्यूररची छापचित्रं उत्तम प्रतीत बघायला मिळतात. एक विनंती : उघडल्या उघडल्या चित्र मोठं करू नका. आधी पडद्यावर 12 सेंटिमीटर उंचीचं करून नीट पाहा, झूम त्यानंतर. तुम्हाला काय दिसलं ते वाचायला आवडेल.

मोकळा वेळ

सांगितलंत तसंच पाहिलं. 12 सेंटिमीटरचं केल्यावर पहिल्यांदा फक्त काळा-पांढरा गोळा दिसला, मग हळूहळू माणसं दिसायला लागली. योहानाने हात एकमेकांत घट्ट गुंतवलेत आणि मान वर केलीये, ते लक्षात राहिलं.

माझे प्रश्न अगदी प्राथमिक आहेत. लाकडी ठसा आणि हे तांब्याचं, यात फरक काय? दोन्ही छापूनच घ्यायचं ना? आणि घरात ठेवून प्रार्थना करायची तर लोकांना रंगीत चित्र नको होतं का?

शाईबोट

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी देतो, गेली अनेक वर्षं प्रिंटमेकिंग शिकवतोय.

लाकडी ठशात जे छापायचं ते उंच ठेवतात आणि बाकीचं लाकूड खोदून काढतात. शाई उंच भागाला लागते. तांब्याच्या कोरीवकामात नेमकं उलटं. जी रेघ छापायची तीच पत्र्यात खोदायची, शाई त्या चरीत भरायची आणि वरचा पृष्ठभाग पुसून स्वच्छ करायचा. पुसायला आधी चिंध्या, शेवटी हाताचा तळवा. मग ओलसर कागद वर ठेवून, त्यावर लोकरीचं जाड कापड घालून दोन रुळांच्या दाबयंत्रातून काढायचं. दाबाने कागद चरीत शिरतो आणि शाई उचलून आणतो. म्हणून खऱ्या प्रतीवर रेघ बोटाला किंचित उठलेली लागते आणि पत्र्याच्या कडेचा दबलेला चौकोन कागदावर राहतो.

यातून अनवट रेघ यांच्या एका निरीक्षणाला जोड देता येईल. लाकडी ठसा आणि छपाईच्या अक्षरांचे शिशाचे खिळे दोन्ही उंच भागावरून छापतात, त्यामुळे चित्र आणि मजकूर एकाच यंत्रावर, एकाच दाबात निघतात. तांब्याच्या पत्र्याला वेगळं यंत्र लागतं. मजकूर हवा असेल तर एकच कागद दोनदा छापायचा, नाहीतर अक्षरंही पत्र्यावर उलटी कोरायची. लाकडी पुस्तकात कविता आहेत आणि या मालिकेत नाहीत, त्यामागे हेही एक कारण असणार.

हत्याराला बुरिन म्हणतात. पोलादाची बारीक सळई, छेद चौकोनी किंवा शंकरपाळ्याच्या आकाराचा, टोक तिरकं घासून धार केलेली. लाकडी मूठ तळव्यात बसते आणि बुरिन पुढे ढकलायची असते, पेन्सिलीसारखी ओढायची नसते. नवशिक्याला हे अंगवळणी पडायला फार वेळ लागतो. पत्रा वाळू भरलेल्या चामडी उशीवर ठेवतात. वळणदार रेघ काढायची तर हात जवळपास स्थिर ठेवून पत्राच फिरवायचा. जोर वाढवला की रेघ खोल आणि जाड होते, सोडला की निमुळती होत संपते. ड्यूररच्या सगळ्या रेघा मधे फुगून टोकाला बारीक होतात, त्या यामुळे.

चरीच्या दोन्ही कडांना तांब्याची कोर वर येते, ती खरवडून काढावी लागते. चूक झाली तर मागून हातोडीने ठोकून, पुढून घोटून जागा सपाट करायची आणि पुन्हा कोरायचं. सगळं उलटं, हे लक्षात ठेवा. आपल्याला उजवीकडे दिसणारा योहान पत्र्यावर डावीकडे कोरलेला आहे.

ड्यूररचे वडील सोनार. चित्रकार मिखाएल वोल्गेमुटकडे जाण्याआधी तो त्यांच्याच हाताखाली शिकला. ही कलाच मुळात सोनारांच्या कामातून आली. सोन्या-चांदीवर नक्षी कोरणारा हात पत्र्यावर आला. त्याच्या आधीच्या पिढीतला सगळ्यात मोठा कोरणारा मार्टिन शोनगाउअर, तोही सोनाराचाच मुलगा. त्याला भेटायला ड्यूरर 1492 मध्ये कोलमारला पोचला, पण शोनगाउअर आदल्याच वर्षी वारला होता.

आणखी एक. 1504 च्या त्याच्या 'आदाम आणि एवा' चित्राच्या अर्धवट अवस्थेतल्या प्रती शिल्लक आहेत. त्यांत एक भाग पूर्ण छायेसकट संपवलेला आणि बाकी नुसती बाह्यरेषा. म्हणजे सगळं चित्र थोडं थोडं गडद करत जाण्याची त्याची पद्धत नव्हती. एक तुकडा हातात घ्यायचा, तो पुरा करायचा, मग शेजारचा. किती काळं करायचं याचा अंदाज आधीच पक्का असल्याशिवाय हे जमत नाही, कारण येशूच्या छातीवर जो उजेड दिसतो तो शाईचा नाही, कोरा सोडलेला कागद आहे.

अनवट रेघ

शाईबोट, मनापासून आभार. मजकूर आणि यंत्राचा संबंध माझ्या डोक्यात आला नव्हता.

मोकळा वेळ, रंगाबद्दल : त्या काळी छापचित्रं हाताने रंगवायची सर्रास पद्धत होती, विशेषतः लाकडी ठसे. लोक अशी चित्रं विकत घेऊन प्रार्थनेच्या पुस्तकात चिकटवायचे, कपाटाच्या आत लावायचे. त्यामुळे रंगीत हवं असणारा माणूस रंगवून घेत असे. पण ड्यूररच्या तांब्याच्या चित्रांना रंग दिला की बिघडतात, कारण काळोख, कापड, लाकूड, कातडी हा सगळा फरक त्याने रेघांच्याच जातीतून दाखवलाय. आकाशात रेघा सरळ आणि दाट आहेत. कपड्यांवर त्या घडीसोबत वळतात, एकमेकींना छेदतात. अंगावर त्या तुटक होत होत शेवटी नुसते ठिपके उरतात. रंगाचा हात फिरला की हे बारकावे बुजतात.

इरॅस्मस हा त्या काळचा सगळ्यात नावाजलेला विद्वान. त्याने 1528 मध्ये ड्यूररबद्दल हेच लिहिलं : प्राचीन ग्रीक चित्रकार अपेलीसला रंगांची मदत लागे, ड्यूररला काळ्या रेघा पुरतात.

वसईची पोर

हा धागा उपवासकाळात, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या दिवसांत, वर आला असता तर अजून बरं वाटलं असतं. आमच्याकडे उपवासकाळात दर शुक्रवारी संध्याकाळी चर्चमध्ये क्रुसाची वाट असते. चौदा स्थानं. प्रत्येक स्थानापुढे थांबायचं, गुडघे टेकायचे, प्रार्थना म्हणायची, पुढच्या स्थानाकडे जायचं. बाराव्या स्थानी येशू क्रुसावर प्राण सोडतो, तिथे सगळं चर्च थोडा वेळ गप्प असतं. लहानपणापासून हे करत आल्यामुळे मला ही 16 चित्रं मालिका म्हणून वेगळी समजावून घ्यावी लागली नाहीत. एक चित्र, थांबणं, मग दुसरं. पान उलटणं म्हणजेच पुढच्या स्थानाकडे चालणं.

चौदा स्थानांचा आकडा अठराव्या शतकात पक्का झाला, त्यामुळे ड्यूररच्या वेळी असं ठरलेलं काही नव्हतं. पण कल्पना होती, आणि ती त्याच्या घराजवळच होती! न्यूरेंबर्गमध्ये आडाम क्राफ्ट नावाच्या शिल्पकाराने साधारण 1505 ते 1508 या काळात, म्हणजे ही मालिका सुरू होत होती तेव्हाच, शहरातून संत योहानाच्या दफनभूमीकडे जाणाऱ्या रस्त्यावर दगडात कोरलेली सात स्थानं उभारली. प्रत्येकावर लिहिलेलं की येशूला शिक्षा देणाऱ्या रोमी सुभेदार पिलाताच्या वाड्यापासून हे ठिकाण इतकी पावलं. जेरुसलेमला जाऊ न शकणाऱ्यांनी तेवढी पावलं आपल्या गावात चालायची. मूळ शिल्पं आता तिथल्या जर्मन राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. आणि त्या रस्त्याच्या शेवटी जी दफनभूमी आहे, तिथेच ड्यूररला पुरलंय.

म्हणून अनवट रेघ म्हणतात ते मला पटतं. ज्याला रस्त्यावर चालणंही शक्य नाही, आजारी आहे, म्हातारा आहे, त्याच्यासाठी ही वाट हातात आली.

मरियेबद्दल कुणी बोललं नाही, म्हणून मी बोलते. कितीतरी जुन्या चित्रांत ती क्रुसाखाली कोसळलेली असते आणि बायका तिला सावरत असतात. योहानाच्या शुभवर्तमानात मात्र ती उभी असते, एवढंच लिहिलंय. या चित्रात ती उभी आहे. मला हे फार मोलाचं वाटतं. येशू तिला सांगतो की हा तुझा मुलगा, आणि योहानाला सांगतो की ही तुझी आई. क्रुसाच्या दोन बाजूंना दोघं समोरासमोर उभी आहेत, त्यात हे वाक्यही आलं असं मी समजते.

गोदाकाठ

सगळ्यांचं लिखाण आवडलं, तरी एक बाजू निसटतेय असं मला वाटतं. ड्यूरर साधू नव्हता, व्यवसाय करत होता, आणि तो फार हुशारीने करत होता. बायको आग्नेस जत्रांत जाऊन चित्रं विकायची. एका इटालियन कोरणाऱ्याने, मार्कान्तोनियो रायमोंदीने, त्याच्या मरियाचरित्राच्या लाकडी ठशांच्या नकला त्याच्या खुणेसकट तांब्यावर कोरून विकल्या. 1511 च्या पुस्तकांच्या शेवटी ड्यूररने छापलेला इशारा वाचण्यासारखा आहे. दुसऱ्याच्या कष्टांवर आणि कल्पनेवर डल्ला मारणाऱ्यांनो, या कामाला हात लावू नका, सम्राट मॅक्सिमिलियनने आम्हाला हक्क दिलाय, असा त्याचा मथितार्थ.

1520-21 मध्ये तो नेदरलँड्सला गेला त्या प्रवासाची रोजनिशी आहे. ती बरीचशी जमाखर्चाचीच वही आहे. कुणाला काय विकलं, कुणाला काय भेट दिलं, जेवणाला किती गेले. सम्राट मॅक्सिमिलियन 1519 मध्ये वारला होता आणि त्याने बांधून दिलेलं वर्षाचं 100 फ्लोरिनचं (फ्लोरिन म्हणजे तेव्हाचं सोन्याचं नाणं) वेतन नव्या सम्राटाकडून कायम करून घ्यायचं होतं, म्हणून तर हा प्रवास. या चित्रांचे गठ्ठे सोबत होते. अधिकाऱ्यांना भेट म्हणून तीच दिली जात होती.

माझा मुद्दा एवढाच. छोटा आकार म्हणजे तांबं कमी, कागद कमी, वाहतूक सोपी. आकारामागे भक्तीचं कारण शोधण्याआधी हे कारण बघायला हवं.

अनवट रेघ

गोदाकाठ, रोजनिशीचा उल्लेख केलात हे बरं झालं. माझ्या मते तीच तुमच्या मुद्द्याच्या विरोधात जाते.

अँटवर्पमधल्या एका विक्रीची नोंद त्यात आहे. लाकडी ठशांच्या लहान दुःखभोगाच्या 16 प्रती 4 फ्लोरिनला, मोठ्या आकाराची 32 पुस्तकं 8 फ्लोरिनला, आणि तांब्याच्या दुःखभोगाचे 6 संच 3 फ्लोरिनला. भागाकार करून बघा. लाकडी पुस्तक लहान असो की मोठं, पाव फ्लोरिन. तांब्याचा हा 16 चित्रांचा छोटा संच अर्धा फ्लोरिन, म्हणजे हातभर पानांच्या मोठ्या पुस्तकाच्या दुप्पट! कमी कागदाचा माल स्वस्तात विकायचा हा हिशेब असता तर किंमत अशी नसती.

ही किंमत कशाची, ते शाईबोट यांनी वर सांगितलंच आहे. लाकडी ठसा कापायला बऱ्याचदा वेगळा कारागीर असे. ड्यूरर लाकडावर रेखाटून देई आणि तो कापी. तांब्यावर हात त्याचा स्वतःचा. शिवाय लाकडी ठसा हजारो प्रती देतो, तांब्याचा पत्रा झिजतो आणि आधी जातात त्या सगळ्यात नाजूक रेघा. घेणाऱ्याला माहीत होतं की तो फार जवळून, फार वेळा बघायची वस्तू घेतोय.

तो विकत होता याने माझं मत बदलत नाही. अभंगाची वही लिहून देणाऱ्या लेखनिकाने पैसे घेतले म्हणून वही भजनाची राहत नाही, असं आपण म्हणणार नाही. आणि ज्या रोजनिशीत जमाखर्च आहे, त्याच रोजनिशीत 1521 मध्ये, धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरला पकडून नेल्याची बातमी कळल्यावर, त्याने पानंच्या पानं तळमळून लिहिलेली प्रार्थनाही आहे. दोन्ही एकाच वहीत आहे.

गोदाकाठ

किमतींचा हिशेब पटला. छोटं म्हणजे स्वस्त, हे गृहीतक मी मागे घेतो. तरीही ही मालिका सगळ्यांच्या घरातल्या भक्तीसाठी होती असं म्हणता येणार नाही. अर्धा फ्लोरिन देऊ शकणारा, रेघांची पारख असणारा घेणारा समोर होता. संग्राहक म्हणा हवं तर.

अनवट रेघ

हो, हे मान्य. संग्राहक आणि भाविक हे तेव्हा बहुतेक वेळा एकच माणूस असे, एवढीच भर घालते.

ताम्रपट

या चित्राचा हिंदुस्थानशी थेट संबंध आहे आणि तो इथे यायलाच हवा.

ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन संग्रहालयात एक छोटं रेखाचित्र आहे. एकच माणूस उभा आहे, मान वर, हात एकमेकांत गुंतवलेले, अंगावर जड घड्यांचा झगा. तो ड्यूररच्या याच 1511 च्या क्रूसचित्रातला योहान आहे. काढणारा अबुल हसन. चित्रावरच्या नोंदीप्रमाणे तो तेव्हा तेराव्या वर्षात होता, आणि साल आहे 1600. इराणहून आलेल्या आका रिझा या चित्रकाराचा हा मुलगा, सलीमच्या पदरी वाढलेला. सलीम जहांगीर म्हणून गादीवर बसल्यावर याच मुलाला त्याने नादिर-उझ-झमान असा किताब दिला.

न्यूरेंबर्गमध्ये कोरलेलं चित्र मुघल दरबारातल्या मुलाच्या हातात कसं आलं? वाट गोव्यावरून जाते. अकबराच्या बोलावण्यावरून 1579 च्या नोव्हेंबरमध्ये तीन जेसुइट पाद्री गोव्याहून निघाले, रोदोल्फो आक्वाविवा, आंतोनियो मोन्सेरात आणि फ्रान्सिस एन्रीकेस. फेब्रुवारी 1580 मध्ये ते फत्तेपूर सिक्रीला पोचले. सोबत अँटवर्पच्या प्लांतँ छापखान्यातलं अनेक भाषांमधलं बायबल होतं, कोरीव मुखपृष्ठचित्रांसह. अकबराने ते खंड मस्तकी लावले असं पाद्र्यांनी लिहून ठेवलंय. 1595 मध्ये जेरोम झेवियर आणि त्याचे सोबती लाहोरला आले. या सगळ्या काळात युरोपातली छापचित्रं गोव्यामार्गे दरबारात येत राहिली. कागद हलका, गुंडाळता येतो, पुस्तकात सरकवता येतो. गोदाकाठ, तुमचा वाहतुकीचा मुद्दा इथे मात्र शंभर टक्के लागू.

अबुल हसन एकटा नव्हता. केसूदास या दुसऱ्या मुघल चित्रकाराने 1588 मध्ये संत मत्तय आणि देवदूत यांचं चित्र नेदरलँड्समधल्या एका कोरीव चित्रावरून केलं, ते बॉडलियन ग्रंथालयात आहे.

अबुल हसनचं काम जवळून बघण्यासारखं आहे. ड्यूररने बुरिनने घड्या एकमेकांना छेदणाऱ्या रेघांनी उभ्या केल्या. या मुलाच्या हातात कुंचला. त्याने मुद्रा घेतली, मानेचा कल घेतला, घडीची जागा घेतली, आणि रेघेच्या जाळ्याचं मऊ छायेत रूपांतर केलं. नक्कल करताना दुसऱ्याच्या हत्याराची भाषा आपल्या हत्यारात आणावी लागते, आणि त्याने ती वयाच्या तेराव्या वर्षी आणली.

मांडवी

गोव्याची म्हणून एकच भर. 1579 मध्येच, पण ऑक्टोबरात, फादर थॉमस स्टीफन्स गोव्याला उतरले. म्हणजे एकीकडे चित्रं उत्तरेला जात होती आणि दुसरीकडे हीच दुःखभोगाची कथा इथे मराठी ओवीत यायच्या वाटेवर होती. त्यांचं क्रिस्तपुराण 1616 मध्ये छापलं गेलं. चित्र आणि ओवी एकाच बंदरातून निघाली, हे वाचताना अंगावर काटा आला.

शाईबोट

ताम्रपट, मुलांनी ड्यूररची नक्कल करून हात बसवण्याचं अजून एक उदाहरण. अँटवर्पच्या योहान्नेस विरिक्सने ड्यूररच्या 'आदाम आणि एवा'ची तांब्यावर हुबेहूब नक्कल केली आणि खाली आपलं वय कोरलं, 16. हाच विरिक्स आणि त्याचे भाऊ पुढे जेसुइटांसाठी भक्तिचित्रं कोरण्यात अग्रेसर झाले. 1593 मध्ये अँटवर्पला निघालेल्या शुभवर्तमानाच्या चित्रमालिकेत 153 चित्रं आहेत, त्यांतली बरीच या भावांची. या मालिकेच्या प्रतीही जेसुइटांबरोबर आशियात पोचल्या.

मोकळा वेळ

आपल्याकडे तांब्यावर कोरायची कला तर फार जुनी. मग अशी छापचित्रं आपल्याकडे का झाली नाहीत?

ताम्रपट

कोरायचे हात होते, हे खरंच. राजांची दानपत्रं शतकानुशतकं तांब्यावर कोरली गेली. पण ते अक्षर पत्र्यावरच वाचायचं होतं, त्यात शाई भरून कागदावर उतरवायचं नव्हतं. कोरीव पत्रा हाच शेवटचा दस्तऐवज होता.

महाराष्ट्रात पत्र्यावरून छापण्याचं ठळक उदाहरण खूप उशिराचं. मिरजेत पटवर्धनांच्या आश्रयाने 1805 मध्ये भगवद्गीता तांब्याच्या पत्र्यांवरून छापली गेली. त्याआधी पुण्यात नाना फडणविसांच्या काळात तांबट कारागिराकडून या कामाची सुरुवात झाली होती. सगळी गीता उलट्या अक्षरांत तांब्यावर कोरायची, विचार करा किती चिकाटीचं काम. तोवर शिळाछापाचा काळ उंबरठ्यावर आला होता आणि पुढे चित्रं आणि पोथ्या दगडावरून छापल्या जाऊ लागल्या.

वसईची पोर

मला अबुल हसनबद्दल विचारायचंय. समोर पूर्ण चित्र होतं. क्रूस होता, येशू होता, मरिया होती. त्याने योहानालाच का उचललं असेल? मुसलमान दरबार म्हणून क्रूस टाळला का?

ताम्रपट

कुराणात येशूला क्रुसावर मारल्याचं नाकारलंय, त्यामुळे हा प्रश्न रास्त आहे. पण क्रुसावरच्या येशूची मुघल चित्रंही आहेत. ब्रिटिश म्युझियममधलं एक चित्र केसूदासाचं मानतात, साधारण 1590 च्या सुमाराचं. त्यामुळे विषय पूर्ण वर्ज्य होता असं म्हणता येत नाही. शिकणाऱ्या मुलाने एक आकृती वेगळी काढून सराव केला, हे मला जास्त संभवनीय वाटतं. मुघल चित्रात दुःख बहुतेक वेळा चेहऱ्यापेक्षा हाताच्या मुद्रेतून येतं. योहानाचे गुंतलेले हात त्या मुलाच्या नजरेत भरले असतील.

शाईबोट

शिकवणारा म्हणून सांगतो, मीही योहानालाच निवडला असता. येशूचं शरीर बहुतेक कोऱ्या कागदाचं, कुंचल्याने त्यातून शिकायला कमी मिळतं. योहानाच्या अंगावर सगळं आहे. खोल सावली, मधली छाया, घडीची कड, केस, हाताची बोटं. एका आकृतीत पूर्ण धडा.

मोकळा वेळ

आज सोळाही चित्रं ओळीने पाहिली. शेवटचं, 1513 चं, कळलं नाही. कबरीतून उठण्याच्या चित्रानंतर दोन माणसं एका लंगड्यासमोर उभी आहेत. हे येशूच्या दुःखभोगात कुठे बसतं?

अनवट रेघ

दुःखभोगात बसतच नाही ते. तो प्रसंग शुभवर्तमानांनंतरच्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकातला, तिसऱ्या अध्यायातला. येशू निघून गेल्यावर त्याचे दोन शिष्य जेरुसलेमच्या मंदिरात जातात, दारात जन्मतः पांगळा असलेला भिकारी हात पुढे करतो. शिष्य म्हणतो, सोनं-चांदी माझ्याजवळ नाही, जे आहे ते देतो, ऊठ आणि चाल.

ड्यूररला पुढे प्रेषितांचीही अशीच मालिका करायची होती का, यावर अभ्यासकांनी बराच विचार केलाय. पत्रा एकच झाला आणि आकार जुळत असल्याने तो या संचाबरोबरच राहिला. मी तो वेगळा काढून बघत नाही. त्या चित्रातला एक शिष्य पेत्र आहे, आणि दुसरा योहान.